छोट्या टर्बो इंजिनाची पिकअप घ्यायची का, आणि घेतलीच तर कशी सांभाळायची

साखरप्याला माझं गॅरेज आहे. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालं की नाणीज, मग साखरपा, पुढे मुर्शी आणि तिथून आंबा घाट. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या पिकअप मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एक, चढताना क्लच जाळून टोचन लावून खाली आणलेल्या. दुसऱ्या, उतरताना ब्रेक तापवून आलेल्या. इंजिनाला शिव्या दोघेही घालतात.

गेल्या मार्गशीर्षात लांज्याहून भाचा आला. आंब्याच्या सीझनला स्वतःची गाडी हवी म्हणाला. "मामा, आठशे सीसीची टर्बो घेऊ का? हप्ता बसतोय माझ्या हिशोबात." मी म्हटलं, "संध्याकाळी ये, हप्त्याच्या आधी वजनाचा हिशोब करू." त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतंच.

आधी टर्बोचं समजून घ्या. 2005 साली टाटा एस आली तेव्हा तिचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं, टर्बो नाही, ताकद 16 हॉर्सपॉवर. 2019 ला आलेल्या टाटाच्याच इंट्रा व्ही-10 चं इंजिनही दोनच सिलिंडरचं, 798 सीसीचं; पण टर्बोसकट 44 हॉर्सपॉवर. इंजिन जेमतेम शंभर सीसीने वाढलं आणि ताकद पावणेतीन पट झाली. यातला मोठा वाटा हवेचा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वर सहज जातो.

पण पंखा फिरायला आधी धूर हवा. साधारण पंधराशे आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या खाली पुरेसा धूरच नसतो, पंखा नुसता रेंगाळतो, आणि तेवढा वेळ आठशे सीसीचं इंजिन हे आठशे सीसीचंच इंजिन असतं. सपाट रस्त्यावर हे कधी जाणवत नाही. जाणवतं ते घाटातल्या वळणावर, पुढे ट्रक अडकून तुम्हाला उभं राहावं लागतं तेव्हा. मागे माल, पुढे चढ. ड्रायव्हर रेस देतो, हाफ क्लच धरतो, म्हणजे क्लच अर्धाच सोडतो, इंजिन पंधराशेच्या वर जाईपर्यंत क्लचप्लेट घासत राहते. जळक्या रबरासारखा वास येतो. घाटमाथ्यावरचं आंबा गाव येईपर्यंत असं चार-पाच वेळा झालं की प्लेट गेलीच.

अशी एक गाडी मी मागच्या पावसाळ्यानंतर खोलली. एक टन पासिंगची, म्हणजे कागदावर एक टन माल न्यायची परवानगी असलेली; कंपनीचं नाव घेत नाही. प्रेशरप्लेट काढली तर फ्लायव्हील निळंजांभळं पडलेलं, प्लेटचे रिवेट वर आलेले, आत काळी भुकटी मूठभर. मालक म्हणाला, इंजिनात दमच नाही. हौद्यात चिरे अजून तसेच होते. मोजले, साठ भरले. जांभ्याचा चिरा तीस किलोच्या आसपास जातो. म्हणजे एक टनाच्या गाडीवर अठराशे किलो. त्या बिचाऱ्या टर्बोला काहीही झालं नव्हतं.

आता हिशोब, जो मी भाच्याला पाटीवर मांडून दाखवला. गाडी आणि माल मिळून दोन टन, रस्ता शंभर मीटरला सात मीटर चढणारा, वेग ताशी 30 किलोमीटर. एवढ्यासाठी चाकाला साधारण 19 हॉर्सपॉवर लागते. गिअर, शाफ्ट आणि डिफरन्शियलमध्ये थोडी जाते ती धरून इंजिनाने 22 तरी द्यायला हवी. इंट्रा व्ही-10 चा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा दांडा पिळून फिरवायचा जोर, 110 न्यूटन मीटर. तेवढा टॉर्क दोन हजार आरपीएमला मिळतो असं धरलं तर 31 हॉर्सपॉवर होते. 22 लागते, 31 आहे. गाडी आरामात चढेल. आता त्याच गाडीचं एकूण वजन तीन टन करा. चाकाला 28, इंजिनाला 33. दोन हजारावर ती पुरत नाही. मग खालचा गिअर टाकून सबंध घाट इंजिन कोकलत न्यावं लागतं. चैत्र-वैशाखातल्या दुपारी तापमानाचा काटा तेव्हाच वर जातो, आणि टर्बो, हेडगॅस्केट सगळ्यांचं आयुष्य तिथे कमी होतं.

म्हणून माझं ठाम मत असं की छोटं टर्बो इंजिन पासिंगच्या वजनात चांगलं आहे, पासिंगच्या बाहेर ते तुम्हाला माफ करत नाही. जुनं मोठं इंजिन माफ करायचं. लोकांना त्या माफीची सवय लागली आहे आणि नव्या गाडीकडूनही ते तीच मागतात. शिवाय ओव्हरलोडचा दंड आता 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तो एकदा भरलात तर किती फेऱ्यांचं भाडं गेलं ते तुम्हीच बघा.

घ्यायच्या आधी तुमच्या मालाचं खरं वजन काढा. अंदाज नको, वजनकाट्यावर भरलेली गाडी घाला. मासळीवाले बर्फ वजनात धरतच नाहीत, आणि कित्येक क्रेटमध्ये निम्मा बर्फच असतो. आंब्याच्या पेट्यांत पेंढा आणि लाकूड धरा. त्यानंतर बघा, माल भरून तुम्ही चढता की उतरता. आमच्याकडचा आंबा आणि मासळी भरून वर जाते. भाजी, गूळ, साखर भरून खाली येते. चढणाऱ्याला कमी आरपीएमचा टॉर्क हवा. उतरणाऱ्याला इंजिनाने गाडी धरून ठेवायला हवी, आणि तिथे टर्बोचा काही उपयोग नाही. ॲक्सिलरेटर सोडला की टर्बो नाहीच, उरतं फक्त सीसी. आठशे सीसी भरलेली गाडी फारशी धरत नाही, म्हणून उतरताना दुसरा गिअर आंबा गाव सोडल्यावर लगेच टाका, ब्रेक तापल्यावर नव्हे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे अजून आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. गिअरमध्ये, पाय वर असताना, आजचं इंजिन डिझेल घेतच नाही. न्यूट्रलमध्ये उलट चालू राहायला घेतं.

माहितीपत्रकात हॉर्सपॉवरचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तो सोडा. टॉर्क किती आणि कुठल्या आरपीएमपासून कुठल्यापर्यंत, ती बारीक ओळ वाचा. सुरुवात जितकी खाली तितकं बरं. आणि एक टनाच्या पुढच्या डिझेल पिकअपमध्ये टर्बो आता असतोच, त्यामुळे "टर्बो आहे का" हा प्रश्नच नाही. टर्बोच्या मागे इंजिन केवढं, हा प्रश्न आहे. बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं इंजिनही टर्बोचंच, पण टर्बो जागा व्हायच्या आधीही त्याच्या अंगात काही असतं. अशोक लेलँड दोस्तचं तीन सिलिंडरचं 1478 सीसी, इंट्रा व्ही-30 चं चार सिलिंडरचं 1496 सीसी, ही मधली पायरी. माझ्या अनुभवात रोज घाट आणि टनभर माल असेल तर दीड हजार सीसीच्या खाली जाऊ नये. दीड टन रोज चढवायचा असेल तर अडीच हजाराकडे बघावं. सातशे-आठशे किलो, लांजा-राजापूर-रत्नागिरी, अधूनमधून घाट, एवढंच काम असेल तर आठशे सीसीची टर्बो उत्तम, ॲव्हरेजही चांगलं देते.

छोटं म्हणजे कमजोर असंही नाही. इसुझू व्ही-क्रॉस या हौसेच्या पिकअपचं आधीचं इंजिन अडीच लिटरचं, टॉर्क 320 न्यूटन मीटर. नंतर आलेलं 1.9 लिटरचं, टॉर्क 360. पण ती गाडी घेणारा तिच्यातून चिरे नेत नाही.

गावातल्या गावात, दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर टर्बो डिझेल घेऊच नका. बीएस-6 म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती काजळी जळायला गाडी थोडा वेळ सलग गरम पळावी लागते. तसं झालं नाही की जाळी तुंबते आणि दिवा लागतो. त्या कामाला सीएनजी बरी.

ट्रायल रिकाम्या गाडीची घेऊ नका. शोरूमवाले कुरकुर करतात, तरी सांगा की माझा माल भरून घेणार. आम्ही भाच्याची ट्रायल सिमेंटच्या पोत्यांवर घेतली, वीस पोती, बरोबर एक टन. मुर्शीच्या पुढे चढावर गाडी मध्येच उभी केली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्या गिअरमध्ये उठवली. आठशे सीसीची उठली, पण हाफ क्लच बराच वेळ धरावा लागला. मग दुसऱ्या गिअरमध्ये, आरपीएम दीड हजाराच्या जरा खाली आणून, पूर्ण ॲक्सिलरेटर. मनात मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार, मग टर्बोची शिट्टी ऐकू आली आणि गाडीने ओढ घेतली. दीड हजार सीसीची दोनावर ओढायला लागली. भाच्याने मला काही न विचारता हप्ता वाढवून मोठी घेतली. तुम्हीही मोजा. तीनच्या पुढे गेलं आणि काम घाटाचं असेल तर दुसरी गाडी बघा.

गाडी घेतल्यावर सगळ्यात महत्त्वाची सवय एकच. घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करू नका. टर्बोच्या दांड्याला बेअरिंग म्हणजे नुसती ऑइलची पातळ फिल्म असते, तेच ऑइल त्याला थंडही करतं. घाट चढलेला टर्बो प्रचंड तापलेला असतो. आंब्याला चहासाठी थांबलात आणि चावी फिरवली की ऑइल जागच्या जागी थांबतं आणि जळून कोळसा होतं. तो कोळसा ऑइलची वाट बंद करतो, मग दांडा कोरडा घासतो. दीड-दोन मिनिटं गाडी रेस न देता चालू ठेवा, ड्रायव्हरने आतच बसून राहावं. सकाळी चालू केल्यावरही अर्धा मिनिट रेस देऊ नका, ऑइल वर पोचू द्या. सुटं ऑइल कधीच घालू नका. पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तोच, सीलबंद डब्यातला. घाटात चालणाऱ्या गाड्यांचं ऑइल मी पुस्तकातल्या किलोमीटरच्या दोन-तृतीयांशावर बदलतो.

आमच्याकडची तांबडी धूळ हा टर्बोचा दुसरा शत्रू. खाणीवर जाणारी गाडी असेल तर फिल्टर दर आठवड्याला काढून बघा. हवा आतून बाहेर मारा, बाहेरून आत मारली की धूळ कागदात रुतते. फाटका फिल्टर एक दिवसही चालवू नका.

गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, आणि फुस्स असा आवाज येतो, म्हणून टर्बो गेला असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गेल्या वर्षी एक जण माझ्याकडे आला, त्याला दुसरीकडे टर्बो बदलायला सांगितला होता, हजारोंचा खर्च. मी इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होसपाइप हाताने वाकवून बघितला. क्लिपच्या खालीच बोटभर चीर, भोवती तेलकट डाग. हवा तिथून निसटत होती. पाइप आणि क्लिप बदलली, गाडी नीट होऊन गेली. म्हणून आधी सगळे होस दाबून, वाकवून बघा, आणि तेलकट डाग शोधा.

जुनी टर्बो पिकअप घेणार असाल तर गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. चालू केल्यावर मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एक तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात किंवा टर्बोचं सील. कुठलं ते कळायला इंटरकूलरचा खालचा पाइप सोडा. आत हाताला नुसता तेलकटपणा लागला तर ठीक, थोडं असतंच. ऑइल ओघळलं तर टर्बो. मग इंजिन बंद करून टर्बोच्या तोंडाचा हवेचा पाइप काढा, टॉर्च मारा. पंख्याची पाती धारदार दिसली पाहिजेत. धुळीने खाल्लेली असतील तर कडा गोल आणि खरवडलेल्या दिसतात. मधला नट दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित हलला तर घाबरू नका, ऑइलच्या फिल्मसाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण हलवल्यावर पातं भिंतीला टेकलं, किंवा नट आत-बाहेर सरकताना बोटाला कळला, तर नव्या टर्बोची किंमत गाडीच्या किमतीतून कापून मागा. मालक नाही म्हणाला तर पाइप परत बसवा, क्लिप आवळा आणि पुढची गाडी बघायला जा.