दोन ठेल्यांचे पोहे आणि सरासरीतला फरक

भाचीच्या कॉलेज प्रोजेक्टचा विषय आहे, इंदूरच्या दोन ठेल्यांपैकी कोणाची पोह्यांची प्लेट जास्त भरते. सरासऱ्या काढून झाल्यावर तिने विचारलं, "मामा, हा फरक खरा की असाच आलाय?" प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वजन नीट घ्या. रिकामी प्लेट ठेवून काटा शून्यावर आणायचा, आणि सगळ्या प्लेटा एकाच सकाळी घ्यायच्या नाहीत, सातला वाफेवरून उतरलेले पोहे आणि दहाला तळाशी उरलेले सारखे नसतात, वर शेव मुठीने टाकतात, प्रत्येक मूठ वेगळी.

आता समजा दोन्हीकडच्या २५-२५ प्लेटा घेतल्या. पहिल्याची सरासरी १४२ ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन (वजनं सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे पसरतात ते) १०. दुसऱ्याची १३४, डेव्हिएशन १४. फरक ८. प्रत्येक डेव्हिएशनचा वर्ग करून २५ ने भागा, ४ आणि ७.८४ येतील, त्यांची बेरीज ११.८४, वर्गमूळ ३.४४, ही फरकातली अनिश्चितता. इथे बेरीजच करायची बरं का, सरासऱ्या वजा केल्या म्हणून हेही वजा करणारी खूप मुलं बघितलीत, पण दोन्हीकडची अनिश्चितता फरकात जमाच होते.

मग टी, म्हणजे या अनिश्चिततेला ज्याने गुणायचं तो तक्त्यातला आकडा. गिनीजच्या ब्रुअरीत काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ मधे 'स्टुडंट' या नावाने छोट्या सॅम्पलसाठी याची मूळ कल्पना मांडली होती. डेव्हिएशन वेगवेगळी आहेत म्हणून वेल्चची पद्धत घ्या, ती पसरण सारखी धरत नाही. डिग्रीज ऑफ फ्रीडम (तक्त्यात टी कुठल्या ओळीत बघायचा तो आकडा) साधारण ४३, ९५ टक्क्यांसाठी टी २.०२. गुणिले ३.४४ म्हणजे जवळपास ७. ८ मधून ७ वजा आणि ८ मधे ७ अधिक, म्हणजे खरा फरक १ ते १५ ग्रॅमच्या मधे, हाच इंटरव्हल. शून्य यात नाही, तेव्हा पहिला ठेला जास्त देतो असं म्हणता येतं, पण किती जास्त ते अजून धूसरच आहे, १ ग्रॅम म्हणजे चिमूटभर शेव. आणि ९५ टक्के म्हणजे काय, तर असं सॅम्पल पुन्हापुन्हा घेतलं तर शंभरातल्या साधारण ९५ वेळा खरा फरक त्या त्या वेळच्या इंटरव्हलमधे सापडेल.

भाचीने मात्र प्रत्येक ठेल्याच्या सरासरीचा वेगळा, असे दोन इंटरव्हल काढले होते, १३८ ते १४६ आणि १२८ ते १४०, आणि ते एकमेकांवर येतात म्हणून "फरक नाही" असं लिहून टाकलं होतं. हे चुकतं! एकमेकांवर आले तरी फरक असू शकतो, वरच्याच आकड्यांत बघा ना. इंटरव्हल थेट फरकाचाच काढायचा.

आणि त्याच प्लेटा दोन काट्यांवर तोलल्या असतील तर हे सूत्र लावू नका, प्रत्येक प्लेटचा फरक काढून त्या २५ फरकांचा एकच इंटरव्हल काढा.