पहिलं चित्र घेणाऱ्याला चित्र कसं दाखवावं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका मालकांकडे मी तीन बाय चार फुटी तैलचित्र विकायला नेलं होतं. अमूर्त, पिवळ्या मातीच्या रंगाचं. त्यांनी ते आधी उलटं केलं, खिशातून पिक ग्लास, म्हणजे कापडाचे धागे मोजायचं छोटं भिंग, काढली आणि कॅनव्हासचे धागे मोजायला लागले. "ताई, कापड चांगलंय," म्हणाले. मी अर्धा तास मागची बाजूच दाखवत बसले: लाकडी चौकट, कोपऱ्यातल्या पाचरी, चित्रकाराची सही, साल.

मग समोर आलो. "याचा अर्थ काय?" हा प्रश्न येतोच. अर्थ सांगत बसू नका. नजर आधी कुठे जाते, एवढंच विचारा आणि गप्प राहा. मालकांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा राखाडी वरून लावलेला नाही, खालून येतोय." बरोबर होतं. चित्रकाराने तिथे वरचा ओला रंग सुरीने खरवडून खालचा थर उघडा केला होता. रंगाईत आयुष्य गेलेल्या माणसाला ते मी सांगायची गरज नव्हती. गिऱ्हाइकाला जे आधीपासून कळतं, तिथूनच त्याला चित्रात शिरू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

एका भेटीला एकच चित्र न्या. पाच नेलीत की माणूस साड्यांसारखी निवड करायला लागतो.

नेताना मात्र जपा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त. एकदा मी बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला आणि उतरवताना फुग्यांचे गोल ठसे रंगात उमटलेले दिसले. ते चित्र मी गिऱ्हाइकाला दिलं नाही, चित्रकाराला पूर्ण पैसे दिले. तेव्हापासून आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आणि निघायचं सकाळी आठच्या आत.

"चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे ना?" हेही हमखास ऐकाल. हो म्हणा, अभिमानाने म्हणा. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा कलावंतांचा गट उभा केला, तेही सांगा. पण त्यांचं १९५४ सालचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटींना गेलं, हे सांगून तरुण चित्रकाराचं चित्र गळ्यात मारू नका. ते चित्र वेगळं, हे वेगळं. "भाव वाढेल का?" विचारलं तर सरळ सांगा की शब्द देता येत नाही, रोज बघावंसं वाटत असेल तरच घ्या.

किंमत एकदाच सांगा, आकडा लिहून द्या. त्यात फ्रेम आहे की नाही, जीएसटी किती, तेही त्याच कागदावर. पक्कं बिल आणि चित्राच्या फोटोवर चित्रकाराची सही असलेलं प्रमाणपत्र, दोन्ही द्यायचं. चित्रकार हयात नसेल तर चित्र कोणाकोणाच्या हातून आलं याचे कागद आधी स्वतः तपासा. नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. कुठे तडा किंवा डागडुजी असेल तर बॅटरी बाजूने तिरपी धरून तुम्हीच दाखवा.

मग चित्र आठ दिवस त्यांच्या घरी ठेवा. ठेवताना आणि परत घेताना दोघांनी मिळून फोटो काढायचे. भिंत तुम्ही निवडा: पश्चिमेची तापणारी नको, न्हाणीघराला लागून असलेली नको, देवघरातल्या समईचा धूर लागेल अशी तर नकोच. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटकायची, ओलं फडकं लावायचं नाही, हे घरातल्या कामवाल्या मावशींनाही समोर बसवून सांगा.

या आठ दिवसांत फोन करू नका. मालकांकडे मी नवव्या दिवशी गेले तेव्हा टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला होता आणि खुर्ची चित्रासमोर होती. मी पिशवीतून बिलबुक काढलं.