इंटरपोलेशन करून हीटमॅप काढताना या चुका टाळा

तुरळक मोजमाप केंद्रांच्या नोंदींवरून अखंड रंगांचा नकाशा म्हणजे हीटमॅप काढणे ‘आर’ या संगणकीय भाषेत काही ओळींचे काम आहे, मात्र दोन केंद्रांमधला रंग मोजलेला नसून इंटरपोलेशनने, म्हणजे आसपासच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजाने, आलेला असतो, हे नजरेआड झाले की चुकांना सुरुवात होते.

सर्वांत मूलभूत चूक पद्धत निवडतानाच होते. घनतेचा नकाशा काढणारे फंक्शन, वेगळे भार दिले नाहीत तर, फक्त बिंदूंचे स्थान पाहते आणि तापमानाचा किंवा पावसाचा आकडा त्यात येतच नाही. परिणामी जिथे केंद्रे जास्त तिथे नकाशा लाल दिसतो, आणि तो लाल रंग उष्णतेचा आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. मोजलेले मूल्य दाखवायचे असेल, तर इंटरपोलेशनच हवे.

दुसरी चूक अंतराची आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे सुमारे १११ किलोमीटरचा असतो, पण रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच असला तरी ६० अक्षांशावर निम्मा होतो. ‘अकिमा’सारखे इंटरपोलेशनचे पॅकेज (‘आर’मधील तयार फंक्शनांचा संच) अंशांना साधे आकडे समजते, त्यामुळे अंतरे विकृत होतात. अभ्यासक्षेत्र यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून स्थान मीटरमध्ये सांगणाऱ्या पद्धतीच्या) ६ अंश रुंदीच्या एका पट्ट्यात बसत असेल, तर ‘एसएफ’ पॅकेजने बिंदू आधी मीटरमध्ये आणावेत आणि ग्रिडही (अंदाज काढायच्या बिंदूंची जाळी) त्याच प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या त्याच पद्धतीत, तयार करावी. अंशांत आखलेली ग्रिड नंतर प्रक्षेपित केली, तर तिच्या ओळी समान अंतरावर राहत नाहीत आणि ‘जीजीप्लॉट’ या आलेख काढणाऱ्या पॅकेजच्या रास्टर थरात (समान चौकटींनी रंगवलेल्या थरात) रिकाम्या रेघा उमटतात. रेखांश एक्स अक्षावर आणि अक्षांश वाय अक्षावर आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे.

एकाच स्थानाच्या दोन नोंदी असतील, तर ‘अकिमा’ मूळ सेटिंगमध्ये त्रुटी दाखवून थांबते आणि क्रिगिंगची (केंद्रांच्या मूल्यांमधला अंतरानुसारचा संबंध वापरून अंदाज काढणाऱ्या सांख्यिकी पद्धतीची) समीकरणे बहुधा सुटतच नाहीत. अशा वेळी सरसकट सरासरी घेण्याआधी कारण शोधावे. केंद्रांचे अक्षांश-रेखांश दोनच दशांश स्थळांपर्यंत ठेवले असतील, तर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवरची दोन वेगळी केंद्रेही एकाच ठिकाणी येऊ शकतात. तिथे सरासरी काढणे म्हणजे खरी माहिती पुसणे होय.

कडांचा प्रश्न सर्वांत फसवा आहे. रेषीय इंटरपोलेशन बाहेरच्या केंद्रांना जोडणाऱ्या सीमेपलीकडे जागा रिकामी सोडते. हा बिघाड आहे असे समजून अनेक जण स्प्लाइनने (बिंदूंमधून जाणाऱ्या गुळगुळीत वक्राने) बाहेरचा भाग भरतात, आणि मग नकाशावर ऋण पाऊसही दिसू लागतो. रिकामी जागा प्रामाणिक आहे. ती तशीच ठेवावी. जवळच्या केंद्राला जास्त आणि दूरच्याला कमी भार देणारी व्यस्त अंतर भारांकन पद्धत याउलट संपूर्ण आयत भरते. तिची मूल्ये नोंदींच्या किमान-कमालाबाहेर जात नाहीत, म्हणून चूक सहज लपते. केंद्रांभोवती ठळक वर्तुळे उमटली, तर अंतराचा घातांक, म्हणजे अंतरानुसार भार किती वेगाने घटतो हे ठरवणारा आकडा, तपासावा. ‘जीस्टॅट’ या पॅकेजमध्ये तो न सांगता २ धरला जातो.

घातांक डोळ्यांना गुळगुळीत नकाशा दिसेपर्यंत बदलत बसू नये. एकेक केंद्र वगळून उरलेल्यांवरून त्याचे मूल्य काढावे आणि ज्या घातांकाला चुकांच्या वर्गांची सरासरी सर्वांत कमी येते, तो घ्यावा. क्रिगिंग वापरले असेल, तर अंदाजाच्या नकाशाशेजारी त्याच्या प्रसरणाचा (अंदाजातल्या अनिश्चिततेच्या मापाचा) नकाशाही छापावा, म्हणजे कोणत्या भागातल्या रंगावर किती विसंबायचे हे वाचणाऱ्याला ठरवता येते.