घरासाठी कमी विजेचा दिवा निवडताना

कोल्हापुरात पावसाळ्याचे दिवस गडद असतात आणि मंगळवार पेठेतील किंवा शिवाजी पेठेतील जाड भिंतींच्या जुन्या घरांत भरदुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. दिवे बदलायला घेताना असा दीर्घकाळ जळणारा दिवा आधी बदलावा. माळ्यावरच्या दिव्याची घाई करू नये.

60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज आठ तास लावला, तर तीस दिवसांत 14 युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. तेवढाच उजेड देणाऱ्या 9 वॅटच्या एलईडीला सव्वादोन युनिटांच्या आत भागते. महावितरणच्या घरगुती आकारणीत 100 युनिटांनंतरच्या युनिटांना चढा दर लागतो, त्यामुळे ज्या घराचा वापर या मर्यादेच्या जरा पुढे जातो, तिथे वाचलेली युनिटे महागड्या टप्प्यातली असतात.

खरेदीच्या वेळी आपण सवयीने वॅट विचारतो, परंतु वॅट म्हणजे विजेचा खर्च. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. खोक्यावरच्या ल्युमेनला वॅटने भागावे. 9 वॅटच्या एका बल्बवर 800 ल्युमेन आणि दुसऱ्यावर 900 लिहिलेले असेल, तर दुसरा तेवढ्याच विजेत अधिक उजेड देतो. खोक्यावरच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलावरील तारेही हेच सांगतात: जितके तारे अधिक, तितका प्रत्येक वॅटमागे उजेड अधिक. ज्या खोक्यावर ल्युमेनचा आकडा नाही, भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्हही नाही, तो बल्ब कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये दिलेला असतो. 2700 ते 3000 केल्विनचा उजेड पिवळसर व शांत असून देवघराला आणि झोपण्याच्या खोलीला तो शोभतो. मुलांच्या अभ्यासाला 4000 च्या आसपासचा चांगला. आपल्याकडे सगळ्या घरभर 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे लावण्याची पद्धत पडली आहे, पण रात्री निजण्यापूर्वी तो प्रखर निळसर उजेड डोळ्यांना नकोसा होतो. केल्विनइतकाच महत्त्वाचा, पण दुर्लक्षित असा आकडा सीआरआयचा आहे. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, हे त्यावरून कळते. तो किमान 80 असावा, आणि स्वयंपाकघरात किंवा आरशापाशी 90 मिळाला तर जरूर घ्यावा, कारण कमी सीआरआयच्या दिव्याखाली तांबड्या रश्श्याची तर्रीसुद्धा तपकिरी वाटते.

एलईडी बल्ब खराब होतो तो बहुधा त्याच्या बुंध्यातील ड्रायव्हर या विद्युत मंडलामुळे, आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे उष्णता. म्हणून पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा बल्ब कोंडू नये. तशा जागेसाठी योग्य असल्याचा उल्लेख खोक्यावर पाहावा. वळवाच्या विजांमध्ये वीजदाब एकाएकी उसळतो, तेव्हा खोक्यावर 4 केव्हीपर्यंतच्या (किलोव्होल्ट) सर्ज संरक्षणाची, म्हणजे अशा उसळीपासूनच्या बचावाची, नोंद असलेला बल्ब अधिक भरवशाचा ठरतो. दुभत्या जनावरांच्या गोठ्यात अथवा उघड्या अंगणात धूळ व पाणी रोखणारा आयपी 65 दर्जाचा दिवा लावावा.

जुनी 40 वॅटची ट्यूब चोकसह 50 वॅटच्या आसपास वीज घेते. तिच्या जागी 20 वॅटची एलईडी पट्टी पुरते. होल्डर पिनचा आहे की आट्यांचा, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे. उजेड कमीजास्त करण्याचे बटण असेल, तर त्यावर चालणारा बल्ब मुद्दाम मागून घ्यावा. साधा बल्ब तिथे लुकलुकतो.

काढलेल्या सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, त्यामुळे ते फोडू नयेत किंवा ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. इ-कचरा म्हणून वेगळे द्यावेत. नव्या बल्बची पावती जपून ठेवावी आणि बसवल्याची तारीख त्याच्या बुंध्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहावी, म्हणजे हमीच्या मुदतीत तो गेल्यास दुकानदाराकडून बदलून घेताना वाद उरत नाही.