कुंडीला घातलेलं खत डासांच्या पोटात जाऊ नये म्हणून

गेल्या पावसाळ्यात परळच्या आमच्या गॅलरीत जास्वंदीच्या कुंडीखालच्या बशीवर टॉर्च मारला. पाणी हिरवट झालेलं. उजेड पडताच दहा-बारा अळ्या वळवळत तळाला गेल्या आणि थोड्या वेळाने शेपटीकडची नळी वर करून परत उलट्या लटकल्या. दहा दिवसांपूर्वीच मी युरिया घातला होता, तोही सढळ हाताने.

युरियाने अळ्या मरतात असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. भातखाचरांतल्या पाहण्यांमध्ये मात्र उलटंच दिसलंय: युरिया किंवा अमोनियम सल्फेट दिल्यावर अळ्या वाढतात. युरियात 46 टक्के नत्र असतं. त्यावर पाण्यात शेवाळ आणि सूक्ष्मजीव फोफावतात, आणि अळ्यांचं खाणं तेच. बशीत हेच छोट्या प्रमाणात घडतं.

म्हणून खत घालायची पद्धतच बदला. आधी साध्या पाण्याने माती ओली करा, कारण कोरड्या मातीतून खताचं पाणी कडेने सरळ खाली पळतं. अर्ध्या तासाने लिटरभर पाण्यात पाव चमचा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) विरघळवून थोडं थोडं घाला आणि बशीत पहिला थेंब पडायच्या आत थांबा. मुसळधार पावसाच्या दिवसांत खत देऊच नका, सगळं वाहून जातं. बशी खरं तर जून ते सप्टेंबर काढूनच ठेवावी. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडत असतील तर ठेवा, पण रोज रिकामी करा.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा. अंड्यातून निघालेल्या अळीचा आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत डास होतो, त्यामुळे पंधरा दिवसांनी केलेली सफाई फुकट. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्याने कडा खसखसून घासा. अळ्यांचं पाणी गटारात ओतू नका, तिथे त्या मजेत जगतील. उन्हातल्या कोरड्या फरशीवर पसरा.

सेंद्रिय खतवाल्यांनी हसू नये. पेंड भिजवलेली बादली चार दिवस उघडी राहिली तर क्युलेक्स डासाला त्याहून चांगलं बाळंतघर नाही. त्याला घाणेरडं, कुजकं पाणीच आवडतं, आणि मादी एका वेळी शंभरावर अंडी तराफ्यासारखी तरंगत सोडते. बादलीला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा, काठाला फट नको. ढवळायला सोडलंत तर लगेच परत बांधा. मनीप्लांटच्या बाटलीत खत टाकायची गरजच नसते. पाणी बदलायचं, मुळं धुवायची, बस्स.

कमळाच्या टबात पाणी ठेवावंच लागतं. तिथे गप्पी मासे सोडा, पण खत पाण्यात विरघळवू नका, त्यातून सुटणारा अमोनिया मासेच मारतो. थोडं खत कागदाच्या पुडीत बांधून मुळांपाशी चिखलात खोल खुपसा आणि वर वाळूचा थर द्या. दोन दिवसांनी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर पुडी वरवर राहिली असं समजा आणि अर्धं पाणी बदला.