चार दिवस, एक गोधडी, एक क्रोशाची पिशवी

दरवर्षी माघात आम्ही सात जणी गुहागरकडे जातो. एकीचं माहेरचं घर तिथे वर्षातले दहा महिने बंदच असतं. ते उघडायचं, झाडायचं आणि चार दिवस नुसतं शिवायचं-विणायचं. पहिल्या वर्षी मी दोन पिशव्या भरून कापड आणि लोकर नेली होती. पहिला दिवस रंग जुळवण्यात गेला, दुसरा कापण्यात, तिसऱ्या दिवशी कात्री सापडेना आणि चौथ्या दिवशी सगळं होतं तसं घडी करून कुडाळला परत आणलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं शिवून?" मी म्हटलं, "हवापालट."

तेव्हापासून यादी करते. ज्यात ठरवावं लागतं ते घरी उरकायचं, ज्याला मोठी जमीन आणि चार जणींचे हात लागतात ते तिकडे न्यायचं आणि ज्यात डोकं लागत नाही ते वाटेत करायचं, एवढंच तिचं सूत्र. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

तारीख आधी पक्की करा. आम्ही माघ धरला त्याला कारण आहे. हवा कोरडी असते, ओटीवर संध्याकाळी साडेपाचपर्यंत चांगला उजेड असतो. शिमग्यात कोणी येत नाही, पालखी दारात यायची असते. चैत्र-वैशाखात यायला सगळ्या तयार असतात, पण तेव्हा काजूची बोंडं आणि फणस. बोंडाचा डाग पांढऱ्या सुतावर पडला की तो कापडाबरोबरच जाणार, आणि फणसाच्या चिकाचे हात कितीही तेल लावून पुसले तरी दोरा चिकटतोच. पावसाळ्याचं तर नावच नको. ओल्या हवेत चार थर जाड गोधडी ठेवली की तिला कुबट वास धरतो आणि मग तो आश्विनाच्या उन्हाशिवाय हटत नाही.

महिनाभर आधी अर्धवट कामं बाहेर काढा. सगळी. कपाटाच्या वरच्या फळीवरची, गादीखालची आणि "ते काय मोजायचं" म्हणून ट्रंकेत ढकललेलीसुद्धा. प्रत्येक काम हातात घेऊन स्वतःला एकच विचारा, हे संपलं तर कुठे जाणार? कोणाच्या बारशाला, कोणाच्या दारावर, कोणत्या खाटेवर? उत्तर येत नसेल तर ते उसवा. क्रोशाचं उसवणं सोपं असतं, एक टोक ओढलं की दोन वर्षं पाच मिनिटांत मोकळी होतात. फक्त ती लोकर लगेच विणायला घेऊ नका. ती कुरळी झालेली असते, टाके वाकडे येतात. खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि न पिळता सावलीत वाळू द्या. मग गुंडा करा.

जी कामं ठेवायची त्यांच्या पिशवीत चिठ्ठी टाका. सुईचा नंबर, कितवी ओळ चालू आहे, पुढचा टाका कोणता, किती लोकर उरली. माझा एक टेबलक्लॉथ अर्धा सैल आणि अर्धा घट्ट आहे, कारण तीन वर्षांनी हातात घेतला तेव्हा २.५ मिमीची सुई होती की ३ ची, ते आठवेना. चिठ्ठीवर लोकरीच्या लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे ती रंगवलेल्या घाण्याचा नंबरही उतरवून ठेवा. एकाच छटेचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळे भाऊ दिसतात, ओटीवरच्या उन्हात मात्र एक थोरला आणि एक धाकटा. म्हणून लोकर एकदाच, थोडी जास्तच घ्यावी.

आता गोधडी. आमची आजी तिला वाकळ म्हणायची आणि हिशोब बोटांवर करायची. मला कागद लागतो. एका माणसाची गोधडी ५ फूट बाय ७ फूट धरा, म्हणजे ६० बाय ८४ इंच. नऊवारी लुगडं ९ वार, म्हणजे ३२४ इंच लांब, पन्हा साधारण ४५ इंच. त्याचे ६२ इंचांचे तुकडे पाडले तर पाच निघतात. दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले की एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात दोन थर, आणि पाचवा तुकडा ठिगळांना व गोटाला. दोन लुगड्यांत चार थरांची गोधडी झाली. देशावर याहून जाड करतात, आपल्याकडच्या थंडीला चार पुष्कळ.

लुगडं उजेडाकडे धरून बघा. बसायच्या जागी ते विरलेलं असतं, तिथून आभाळ दिसतं. तो भाग फेकायचा नाही, आतल्या थरात घालायचा, पण दोन विरलेले भाग एकावर एक येऊ देऊ नका. वर ठिगळांसाठी नवं सुती कापड घेणार असाल तर ते आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, जुनं लुगडं आटत नाही आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. लाल खण आणि काळी चंद्रकळा यांचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं प्रत्येक काकू सांगते. मी दोनदा फसले आहे, आता ज्याचा रंग जातो ते कापड पायपुसण्याला देते.

हे कापणं, धुणं, इस्त्री आणि मशीनवर जोडणं घरीच झालं पाहिजे. मशीन तिकडे नेऊ नका. एकीने एकदा आणलं होतं. दोन दिवस सगळ्यांच्या ब्लाऊजना उसवलेल्या जागी टीप मारत बसली बिचारी.

टाक्यांचाही हिशोब करून ठेवा, म्हणजे उगाच मोठा पण करून निघत नाही. दोन बोटांच्या अंतराने, म्हणजे साधारण दीड इंचावर धावदोरा घातला तर ६० इंचांत ४० रेघा येतात, प्रत्येक ७ फुटांची. एकूण २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. सरळ रेघा मारा नाहीतर काठापासून गोल गोल आत या, लांबी तेवढीच भरते. दोरा खाली-वर जातो, गाठी पडतात, म्हणून ११० मीटर बाजूला काढा. माझ्या हाताला एका रेघेला २५ मिनिटं लागतात. म्हणजे एक गोधडी १७ तासांच्या आसपास. रोज चार तास बसलं तर चार दिवसांत जेमतेम होते, आणि दोघी समोरासमोर बसल्या तर दोन दिवसांत. एका वर्षी मी दोन गोधड्या नेल्या होत्या. हा हिशोब त्यानंतर सुचला.

खाली कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्या काठापासून सुरुवात करतात आणि ठिगळं लावत, शिवत मध्याकडे सरकतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, ती नसली तर कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. जिला आधी सगळं आखून ठेवायचा कंटाळा आहे तिने तशी करून बघावी. मला आखल्याशिवाय झोप येत नाही.

क्रोशासाठी एकच काम न्या, आणि ते तुकड्यातुकड्यांचं असावं. बाळाचं पांघरूण ३२ बाय ४० इंचांचं, ४ इंचांच्या चौकोनांचं केलं तर ८० चौकोन लागतात. एकाला १५ मिनिटं धरली तर २० तास. हे सगळ्यांना कळतं. जे कळत नाही ते हे, की प्रत्येक चौकोनाला दोऱ्याच्या टोकांच्या निदान दोन शेपट्या राहतात आणि १६० शेपट्या शेवटी एकदम आत ओवायच्या म्हटल्या की पांघरूण पुन्हा ट्रंकेत जातं. चौकोन संपला की शेपटी तिथल्या तिथे ओवा. कोकणात बाळाला लोकरीपेक्षा सुती दोरा बरा, घामाने अंग उततं. आणि नक्षी फार जाळीदार नको, बाळाची बोटं अडकतात.

साखळी, मुका खांब, खांब ही क्रोशाच्या टाक्यांची आपली नावं सरळ आहेत. इंग्रजी नमुना बघून विणणार असाल तर तो ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे घरीच ठरवा. ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला पुरा खांब. खूण अशी की नमुन्यात 'सिंगल क्रोशे' हा शब्द दिसला तर तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नसतो. आमच्यातल्या एकीने हे न बघता टोपी विणली, ती अंडं उकडायच्या पातेल्यावर झाकण म्हणून छान बसते.

पिशवी भरताना खाऱ्या हवेचा विचार करा. शिवणाच्या सुया समुद्राकाठी आठवड्यात तांबूस होतात आणि तांबूस सुई कापडातून ओढली की टिपका उमटतो. मी औषधाच्या छोट्या बाटलीत भाजून गार केलेले तांदूळ घालते आणि त्यात सुया ठेवते. टिपका पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवायचं, फिका होतो. क्रोशाच्या सुया अॅल्युमिनियमच्या असतील तर ही भानगड नाही. बाकी अंगुस्तान, मेणाचा खडा (दोऱ्यावरून फिरवला की तो गुंतत नाही), दोन कात्र्या, टेप, खडू, सेफ्टी पिना पन्नासेक, जवळचा चष्मा आणि त्या चष्म्याचा जोडीदार. चष्मा एकच नेऊन तिकडे त्यावर बसलेली बाई मी पाहिलेली आहे. ती मीच.

प्रवासात फक्त चौकोन. मांडवी एक्स्प्रेसने कुडाळ ते चिपळूण येताना एकेरी मार्गावर क्रॉसिंगला गाडी थांबली की बाकीचे कुरकुरतात, माझा एक चौकोन होतो. रत्नागिरीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तिथे मोजणीचा टाका हातात ठेवू नका, नुसते खांब घालत राहा. चिपळूणहून पुढे एसटीत मात्र पिशवी बंद. वळणं इतकी आहेत की टाके मोजणारी बाई खिडकीत डोकं घालून पोचते.

पोचल्या दिवशी चहाआधी जमीन मोकळी करा. गोधडीचे थर अंथरायला सहा बाय आठ फूट स्वच्छ जागा लागते आणि चार माणसं, म्हणूनच हे काम इथवर आणलं. खालचा थर अंथरून चार कोपऱ्यांवर पाट ठेवा. पुढचा थर मधून बाहेर हात फिरवत बसवा, ओढायचा नाही. सगळे थर झाले की पंजाच्या अंतरावर कच्चे टाके, तेही मधून काठाकडे. इथे घाई केली की खालचा थर गोळा होतो आणि ते उलटं करून पाहीपर्यंत समजत नाही. आम्ही पहिल्या सकाळी सगळ्यांच्याच गोधड्या एकामागून एक अशा कच्च्या करून टाकतो. पुढे जी ती आपली घेऊन ओटीवर बसते. माजघरात बसू नका, दुपारीही तिथे दोरा ओवता येत नाही.

स्वयंपाक बाहेरून सांगा. यावर मी भांडायला तयार आहे. सात बायका एका घरात जमल्या की आपोआप चुलीशी जातात, "दोन घावन तर घालते" म्हणतात आणि अकरा वाजतात. वाडीतल्या एखाद्या ताईंना चार दिवसांचं जेवण आधीच सांगून पैसे देऊन टाका. सोलकढी गोधडीपासून लांब, वेगळ्या पडवीत प्या. खाऊचे कण गोधडीवर सांडले की रात्री मुंग्या येतात.

समुद्रावर जा, पण शिवण घेऊन नको. वाळू टाक्यांत शिरते. सुरूच्या बनात तर लोकर मुळीच नको, सुरूच्या काड्या त्यात अशा अडकतात की एकेक चिमट्याने काढावी लागते. संध्याकाळी वीज गेली तर फिक्या रंगाचा क्रोशा घ्या, बोटांनी चाचपून घालता येतो. काळी लोकर दिवसासाठी राखा. दर अर्ध्या तासाला सुई खाली ठेवून मनगट फिरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलताना कळ येते.

निघायच्या सकाळी संपलेल्या गोधड्या तासभर उन्हात टाका, झटका, घडी करा. झटकायच्या आधी सुया मोजा. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मिळून किती सुया आणि किती टाचण्या आल्या ते ओटीच्या खांबावर खडूने लिहून ठेवायचं, आणि सुतळीला बांधलेला लोहचुंबक जवळ ठेवायचा. गेल्या वर्षी सुया तेवीस लिहिल्या होत्या, बावीस भरल्या. एसटीला वीस मिनिटं होती. सातही जणी गुडघ्यांवर बसून चुंबक फिरवत राहिलो. एसटी गेली. सुई माझ्याच पदराला खोचलेली निघाली.