चीनमध्ये शिकवताय? रेल्वेने निघण्याआधीची तयारी

चीनमध्ये शिकवायला गेलेली मराठी मंडळी दोन प्रकारची भेटतात: आंतरराष्ट्रीय शाळांत गणित-विज्ञान शिकवणारी आणि योगवर्ग घेणारी. दोन्हींकडे एक गोष्ट सारखी दिसते. पहिलं वर्ष आपल्याच शहरात, शाळा ते घर एवढ्यातच जातं, कारण भाषा येत नाही आणि रेल्वे स्थानकाची धास्ती वाटते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. बेइजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचं अंतर वेगवान गाडी साधारण साडेचार तासांत कापते, आणि खिडकीतून दिसणारी शेतं, कारखाने, नद्या पाहिल्याशिवाय आपण ज्या मुलांना शिकवतो ती कुठून आली हे कळत नाही. तेव्हा निघाच. फक्त तिथल्या प्रवासाची तयारी बॅगेपासून सुरू होत नाही, कागदपत्रांपासून होते.

सगळ्यात आधी पासपोर्ट. तिथे तिकीट तुमच्या नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, छापील तिकीट लागत नाही, फाटकावर पासपोर्टच दाखवायचा. फोनमधला फोटो किंवा झेरॉक्स चालेल या भरवशावर घर सोडू नका, मूळ पासपोर्ट खिशात हवा. चिनी प्रवासी ओळखपत्र टेकवून यंत्रातून निघून जातात. काही स्थानकांतली यंत्रं आता आपला पासपोर्टही वाचतात, पण बहुतेक वेळा कडेच्या, कर्मचारी बसलेल्या रांगेतून जावं लागतं. ती रांग हळू सरकते, म्हणून मोठ्या स्थानकावर गाडीच्या तासभर आधी पोचायचं ठरवा.

पासपोर्ट निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी कार्यालयात दिला असेल तर? नोकरी बदलताना किंवा करार वाढवताना हे हमखास होतं आणि नेमकी सुट्टी त्यातच येते. अशा वेळी कार्यालय फोटो लावलेली पावती देतं. ती प्रवासासाठी ओळखपत्र म्हणून चालते, मात्र तिकीट स्थानकातल्या खिडकीवरून काढावं हे बरं. पासपोर्ट नवा झाला असेल तर रेल्वेच्या ॲपमध्ये, बँकेत आणि सिमकार्डावर क्रमांक बदलून घ्या. जुन्या क्रमांकावर काढलेलं तिकीट नव्या पासपोर्टावर फाटकात अडकतं.

आता नाव. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा तिपेडी प्रकार. पासपोर्टात पहिली दोन एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात असतं. शाळेचा कारकून एका क्रमाने लिहितो, बँक दुसऱ्या क्रमाने, आणि वडिलांचं नाव कुठेतरी गळतं. पासपोर्टवर छापलेलं स्पेलिंग आणि छापलेला क्रम सगळीकडे तंतोतंत तोच ठेवा. आडनावाचा रकाना कोरा असलेला पासपोर्ट असेल तर ॲपशी झटापट करत बसू नका, स्थानकाच्या खिडकीवर जाऊन नोंदणी करून घ्या.

ॲप म्हणजे १२३०६, चिनी रेल्वेचं अधिकृत. त्याची इंग्रजी आवृत्ती आहे. परदेशी पासपोर्टाची पडताळणी लगेच होईलच असं नाही, म्हणून खातं सुट्टीच्या कितीतरी आधी उघडून ठेवा. तिकीटविक्री १५ दिवस आधी सुरू होते आणि प्रत्येक स्थानकाची दिवसातली वेळ वेगळी असते, ती आधी बघून ठेवा. गाडी भरली तर प्रतीक्षायादीत पैसे भरून नाव टाका. जागा मिळाली तर तिकीट आपोआप निघतं, नाही मिळाली तर पैसे परत. रद्द करण्याचे नियमही माफक आहेत: ८ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर काही कापत नाहीत, त्यानंतर ४८ तासांपर्यंत ५ टक्के, २४ तासांपर्यंत १० टक्के, शेवटच्या दिवशी २० टक्के. म्हणून बेत पुरता ठरला नसला तरी तिकीट काढून ठेवायला हरकत नाही. मुलं बरोबर असतील तर ६ वर्षांखालच्या एका मुलाला आसनाशिवाय फुकट नेता येतं आणि १४ वर्षांखाली सवलतीचं तिकीट मिळतं. पण पासपोर्ट तान्ह्या बाळाचाही घ्या.

तारीख ठरवण्याआधी शाळेचं कॅलेंडर नीट वाचा. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची लांब सुट्टी कागदावर मोठी दिसते, पण तिच्या बदल्यात मागचा-पुढचा एखादा शनिवार किंवा रविवार कामाचा असतो. तो लक्षात न घेता परतीचं तिकीट काढलं तर वर्गात मुलं हजर आणि तुम्ही गाडीत. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आगेमागे ४० दिवस रेल्वेवर प्रचंड गर्दी असते, कारण शहरांत राबणारी माणसं गावी जातात. त्या दिवसांत त्यांची तिकिटं त्यांना मिळू द्यावीत असं मला वाटतं. तुम्हाला फिरायचंच असेल तर सणाची धावपळ ओसरल्यावर निघा.

स्थानकाचं पूर्ण नाव चिनी अक्षरांत फोनमध्ये जपून ठेवा. बेइजिंगला बेइजिंग, दक्षिण, पश्चिम, छाओयांग, फंगताय अशी कितीतरी स्थानकं आहेत. शांघायहून येणाऱ्या बऱ्याच वेगवान गाड्या दक्षिणेला थांबतात, ग्वांगचौकडे जाणाऱ्या बहुतेक पश्चिमेहून सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘स्टेशन’ सांगून भागत नाही.

पहिला प्रवास कुठे करावा असं कुणी विचारलं तर बेइजिंगमध्ये राहणाऱ्यांना मी शिजियाझुआंगला धाडते. वेगवान गाडीने सुमारे सव्वा तास. तिथल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८ साली, चीन-जपान युद्ध चालू असताना, ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, रणभूमीजवळ शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधीही त्याच आवारात आहे. पूर्वजांच्या समाध्या झाडण्याचा चिंगमिंगचा सण एप्रिलच्या सुरुवातीला येतो, शाळेला सुट्टी असते, तेव्हा फुलं घेऊन जा. चीनमध्ये शिकवणाऱ्या मराठी माणसाने ही जागा चुकवू नये.

रात्रीचा प्रवास असेल तर हार्ड स्लीपर म्हणजे दार नसलेला सहा बर्थचा कप्पा, सॉफ्ट स्लीपर म्हणजे दार असलेला चार बर्थचा. साधारण रात्री दहाला दिवे मालवतात. एकटी बाई म्हणून विचाराल तर मी वरचा बर्थ घेते: चढायला त्रास, पण नंतर कुणी उठवत नाही. सामानाची मर्यादा माणशी २० किलो. वेगवान गाडीत बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून १३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. स्थानकात शिरताना सामान यंत्रातून जातं, तिथे स्वयंपाकाची सुरी आणि मोठे स्प्रे काढून घेतात.

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांना जास्त. डब्यात उकळत्या पाण्याची सोय असते, तेव्हा झाकणाचा स्टीलचा डबा, झटपट उपमा किंवा पोह्यांची पाकिटं, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवा. स्थानकावर मिळणारे नूडल्स भाजीचे दिसले तरी मसाल्याच्या पुडीत बहुधा मांसाचा अर्क असतो. ‘मी मांस, मासे, अंडी खात नाही’ हे वाक्य चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा.

योगशिक्षकांना एक कळकळीची विनंती. दुसऱ्या शहरातला स्टुडिओ शनिवार-रविवारच्या कार्यशाळेला बोलावतो, रेल्वेचं भाडंही देतो, आणि मोह होतो. तुमचा कामाचा परवाना ज्या संस्थेच्या नावावर आहे त्याबाहेर शिकवणं कायद्याने बेकायदा काम ठरतं. त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर कोठडीही. कार्यशाळेचं आमंत्रण आलं तर आधी आपल्या संस्थेशी आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाशी बोला, तिकीट नंतर काढा.

हाँगकाँगला वेगवान गाडीने जाता येतं, पण तिथे भारतीय पासपोर्टाला आधी ऑनलाइन नोंदणी करून तिची छापील चिठ्ठी लागते. परत येण्यासाठी तुमचा चीनचा निवास परवाना वैध आहे ना, तेही बघा. ल्हासाची गाडी २००६ पासून धावते, पण परदेशी माणसाला तिबेटचा स्वतंत्र परवाना हवा आणि तो पर्यटन संस्थेमार्फतच निघतो.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेल करतं. मित्राच्या घरी राहिलात तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करणं बंधनकारक आहे, न केल्यास २,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राला आधीच सांगा म्हणजे तो भाडेकराराची प्रत काढून ठेवेल. फोनमध्ये पोलिसांचा ११०, रुग्णवाहिकेचा १२० आणि परदेशी नागरिकांसाठीचा १२३६७ हे क्रमांक साठवा. शेवटच्यावर इंग्रजीत बोलता येतं. आणि प्रवासाहून परतल्यावर काही शहरांत आपल्याच पत्त्याची नोंद पुन्हा करावी लागते. तुमच्या शहरात काय पद्धत आहे ते निघण्यापूर्वीच शाळेच्या कार्यालयात विचारून घ्या.